विश्लेषण : नोटरी समोर नाही, पडद्यावर! अमेरिकेतील ‘ऑनलाइन नोटरी’चे नियम काय आहेत? भारतात ते चालतील का?

नोटरी करायची म्हणजे नोटरीपुढे जाऊन, ओळखपत्र दाखवून, त्याच्या डोळ्यांदेखत सही करायची, हा नियम जगभर पिढ्यानपिढ्या चालत आला. अमेरिकेत मात्र गेल्या काही वर्षांत तो झपाट्याने बदलला आहे. तेथील ४० हून अधिक राज्यांनी नोटरीला व्हिडीओ कॉलवरून सही साक्षांकित करण्याची परवानगी दिली आहे. लोकसंख्येने सर्वांत मोठे राज्य असलेल्या कॅलिफोर्नियानेही कायदा केला असून, तो पूर्णपणे अमलात आणण्यासाठी १ जानेवारी २०३० ही अखेरची मुदत आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आणि महाराष्ट्रात राहणारे आईवडील यांच्यातील मालमत्तेच्या व्यवहारांनाही हा बदल स्पर्श करतो. पण ‘ऑनलाइन नोटरी’ झालेला प्रत्येक कागद सगळीकडे चालतो असे नाही. त्यामुळे हे नियम नेमके काय आहेत, हे समजून घेणे गरजेचे आहे.

नोटरीचे नेमके काम काय?

कागदावर लिहिलेला मजकूर खरा आहे, अशी हमी नोटरी देत नाही. तो तीन गोष्टी तपासतो. सही करणारी व्यक्ती खरोखर तीच आहे का, ती स्वखुशीने सही करते आहे का आणि आपण कशावर सही करतो आहोत हे तिला कळते आहे का. या तिन्ही गोष्टींची खात्री झाल्यावर तो आपला शिक्का उमटवतो. पुढे बँक, न्यायालय किंवा निबंधक कार्यालय त्या शिक्क्यावर विसंबून राहते.

भारतात नोटरी हा वकील असतो. सर्वसाधारणपणे दहा वर्षे वकिली केल्यावर त्याची नेमणूक होऊ शकते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी ही अट सात वर्षांची आहे. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे बहुतेक राज्यांत नोटरी होण्यासाठी वकील असावे लागत नाही. बँकेतील कर्मचारी, मालमत्ता दलाल, टपाल-कुरियरचे दुकान चालवणारा अशा कोणालाही अर्ज करून, शुल्क भरून आणि काही राज्यांत परीक्षा देऊन नोटरी होता येते. नेमणूक राज्य सरकार करते आणि नियमही राज्याचेच असतात. म्हणूनच ऑनलाइन नोटरीचा देशभरासाठी एकच कायदा अमेरिकेत नाही.

‘ऑनलाइन नोटरी’ म्हणजे काय?

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नोटरी आणि सही करणारा एकाच खोलीत बसले आहेत, पण कागदाऐवजी टॅबवर सही होते आहे, ही झाली ‘इलेक्ट्रॉनिक नोटरी’. अमेरिकेत २००० सालच्या ई-स्वाक्षरी कायद्याने तिला वाट करून दिली. मात्र प्रत्यक्ष हजेरीची अट कायम राहिली. ‘ऑनलाइन’ किंवा ‘दूरस्थ’ नोटरीत ही हजेरीच बदलते. सही करणारा दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात असतो आणि दोघे एकमेकांना थेट चित्र-आवाजाच्या माध्यमातून पाहतात, ऐकतात. कायद्याच्या भाषेत ही ‘हजेरी’च मानली जाते.

साध्या व्हॉट्सअॅप कॉलवर कागद दाखवून केलेली सही मात्र या व्याख्येत बसत नाही. ओळख पडताळणे, दस्तावर सही घेणे, शिक्का लावणे आणि संपूर्ण संवादाचे ध्वनिचित्रमुद्रण ही कामे राज्याच्या नियमांत बसणाऱ्या प्रणालीवरच करावी लागतात.

याची सुरुवात कशी झाली?

व्हर्जिनिया राज्याने २०११ मध्ये कायदा केला आणि तो जुलै २०१२ पासून लागू झाला. परदेशात तैनात असलेले सैनिक आणि सरकारी कर्मचारी यांना घरचे व्यवहार करणे सोपे जावे, हे त्याच्या बाजूने दिले जाणारे एक कारण होते. त्यानंतर मोंटाना, टेक्सास, नेवाडा अशी राज्ये या वाटेने गेली. पण वेग बेताचाच होता.

करोनाने हे गणित बदलले. मार्च २०२० मध्ये घराबाहेर पडणे बंद झाले, तेव्हा घरांचे व्यवहार अडले आणि रुग्णालयातील रुग्णांना मृत्युपत्र करणेही अवघड झाले. न्यूयॉर्कसह अनेक राज्यांच्या गव्हर्नरांनी तात्पुरते आदेश काढून व्हिडीओवरून नोटरीला परवानगी दिली. साथ ओसरल्यावर यातील बहुतेक राज्यांनी कायमस्वरूपी कायदे केले. न्यूयॉर्कचा कायदा ३१ जानेवारी २०२३ पासून लागू झाला.

समोर नसलेल्या माणसाची ओळख कशी पटवतात?

संपूर्ण व्यवस्थेचा कणा हाच आहे. राज्यांनी एकसारखे कायदे करावेत यासाठी नमुना कायदे तयार करणाऱ्या ‘युनिफॉर्म लॉ कमिशन’ने ओळख पटवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. पहिला, नोटरी त्या व्यक्तीला स्वतः ओळखत असेल तर. दुसरा, नोटरीला ज्याची ओळख पटली आहे असा विश्वासार्ह साक्षीदार शपथेवर सांगत असेल तर. तिसरा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या तांत्रिक पडताळण्या करून.

व्यवहारात तिसरा मार्ग सर्वाधिक वापरला जातो. यातील पहिली पडताळणी ओळखपत्राची असते. पासपोर्ट किंवा वाहन परवाना कॅमेऱ्यासमोर धरला की संगणक प्रणाली त्यातील सुरक्षा खुणा, अक्षरांची ठेवण आणि क्रमांक तपासते. दुसरी पडताळणी प्रश्नोत्तरांची असते. त्या व्यक्तीच्या सार्वजनिक नोंदी आणि कर्जाच्या इतिहासातून प्रश्न तयार होतात. उदाहरणार्थ, ‘खालीलपैकी कोणत्या पत्त्यावर तुम्ही पूर्वी राहत होता?’ फ्लोरिडाच्या कायद्यात याचे बारकावेही दिले आहेत. किमान पाच प्रश्न, प्रत्येकाला किमान पाच पर्याय, दोन मिनिटांची मुदत आणि ८० टक्के उत्तरे बरोबर येणे आवश्यक.

ही पद्धत सोयीची असली तरी तिच्यात दोन कच्चे दुवे आहेत. एक म्हणजे ही उत्तरे आता तितकीशी गुप्त राहिलेली नाहीत. २०१७ मध्ये ‘इक्विफॅक्स’ या पतमापन कंपनीतून सुमारे १४.७ कोटी अमेरिकनांची माहिती चोरीला गेली. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने सरकारी खात्यांनीही अशा प्रश्नोत्तरांवर विसंबून राहू नये, असा इशारा दिला होता. दुसरा दुवा असा की ज्यांचा अमेरिकेत कर्जाचा इतिहासच नाही, त्यांच्यासाठी प्रश्नच तयार होत नाहीत. नव्याने गेलेले विद्यार्थी, नोकरदार आणि भारतातील ज्येष्ठ नातेवाईक नेमके येथेच अडतात. त्यांच्यासाठी चेहरा जुळवण्यासारखी पडताळणी किंवा विश्वासार्ह साक्षीदार हे पर्याय उरतात; पण ते राज्याच्या नियमांत बसतात का, हे आधी पाहावे लागते.

नोटरीवर कोणती बंधने असतात?

तपशील राज्यागणिक बदलत असले तरी नियमांचा सांगाडा सारखाच आहे. आधी पारंपरिक नोटरी म्हणून नेमणूक हवी. मग ऑनलाइन कामासाठी वेगळी नोंदणी किंवा सूचना द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये या नोंदणीला ६० डॉलर लागतात. फ्लोरिडात ऑनलाइन नोटरीला स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि २५ हजार डॉलरचा हमी बाँडही द्यावा लागतो. नोटरीच्या चुकीने कोणाचे नुकसान झाले तर भरपाईची सोय असावी, हा त्यामागचा हेतू आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम जागेचा आहे. सही करणारा कोठेही असला तरी नोटरी मात्र काम करताना ज्या राज्याने त्याला नेमले त्याच राज्याच्या हद्दीत बसलेला असावा लागतो. नोटरी सुट्टीसाठी दुसऱ्या राज्यात गेला असेल, तर सर्वसाधारणपणे तेथून त्याला हे काम करता येत नाही. व्यवहाराला कायदाही नोटरीच्या राज्याचा लागतो.

दस्त डिजिटल प्रमाणपत्राने अशा रीतीने मुद्रांकित करावा लागतो, की नंतर त्यात एक अक्षर जरी बदलले तरी ते लगेच उघड व्हावे. दस्तावर ‘ही नोटरी दूरस्थ पद्धतीने झाली’ असा स्पष्ट उल्लेखही करावा लागतो. शिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते आणि संपूर्ण संवादाचे मुद्रण जपावे लागते. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात ते १० वर्षे, तर व्हर्जिनिया आणि टेक्सासमध्ये ५ वर्षे ठेवावे लागते. शुल्कावरही मर्यादा आहे. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात एका ऑनलाइन नोटरीसाठी जास्तीत जास्त २५ डॉलर घेता येतात.

सगळे दस्त ऑनलाइन करता येतात का?

नाही, राज्याराज्यांतील खरा मतभेद येथेच आहे. कनेक्टिकटने ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन नोटरीला मान्यता दिली. पण मृत्युपत्र, ट्रस्टचे दस्त, मुखत्यारपत्र आणि घराच्या खरेदी-विक्रीचे कागद त्यातून वगळले. म्हणजे ज्या कागदांवर सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक भांडणे अवलंबून असतात, तेथे जुनीच पद्धत कायम ठेवली.

फ्लोरिडाने दुसरा मार्ग निवडला. तेथे मृत्युपत्रही ऑनलाइन करता येते. मात्र सही करणाऱ्याला ठरावीक प्रश्न विचारावे लागतात. तुम्ही औषधाच्या किंवा मद्याच्या अमलाखाली आहात का? रोजच्या कामांना अडथळा होईल असा आजार आहे का? रोजच्या गोष्टींसाठी कोणाची मदत लागते का? यातील एखाद्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर साक्षीदार पडद्यावर चालत नाहीत. ते त्या व्यक्तीजवळ प्रत्यक्ष हजर असावे लागतात. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दबाव टाकणारी व्यक्ती उभी असू शकते, हा धोका या नियमामागे आहे. वयोवृद्ध आईच्या शेजारी बसून मुलगा खुणा करतो आहे का, हे लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात दिसत नाही.

फसवणूक वाढेल की कमी होईल?

दोन्ही बाजूंनी ठोस मुद्दे आहेत. समर्थक म्हणतात, की प्रत्यक्ष हजेरीची पद्धतही फारशी पक्की नव्हती. २०१० मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या ‘रोबो-सायनिंग’ घोटाळ्यात बँकांनी घरजप्तीची हजारो प्रतिज्ञापत्रे न वाचताच सही केल्याचे, आणि सही करणारा समोर नसताना ती नोटरी झाल्याचे समोर आले. २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांना सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. अलीकडचे उदाहरण गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या मेम्फिसमधील ‘ग्रेसलँड’ या वास्तूचे आहे. प्रेस्लीच्या दिवंगत मुलीने ३८ लाख डॉलरच्या कर्जासाठी ही वास्तू तारण ठेवली होती, असा बनावट दस्त तयार करून मे २०२४ मध्ये तिचा लिलाव पुकारण्यात आला. दस्तावर फ्लोरिडातील ज्या नोटरीचे नाव होते, तिने आपण प्रेस्लीच्या मुलीला कधी भेटलोच नाही, असे शपथेवर सांगितले. न्यायालयाने लिलाव रोखला आणि कट रचणाऱ्या महिलेला पुढे चार वर्षांहून अधिक कारावास झाला. कागदी शिक्क्याची नक्कल करणे सोपे असते. ऑनलाइन नोटरीत मात्र ‘व्हिडीओ दाखवा’ एवढे म्हटले की अशा दाव्याचा निकाल बराच लवकर लागू शकतो.

विरोधकांचा मुद्दा असा, की ही तुलना कालच्या चोराशी आहे. अमेरिकेत रिकाम्या भूखंडाचा मालक असल्याचे भासवून तो विकण्याचे प्रकार इतके वाढले, की ‘सीक्रेट सर्व्हिस’ला त्याबद्दल सावध करावे लागले. खरा मालक दूरच्या राज्यात किंवा परदेशात असतो, भूखंडावर कर्ज नसते आणि भामटा ‘मला येता येणार नाही, सगळे ऑनलाइन करू’ असा आग्रह धरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चेहरे आणि आवाज आता थेट कॉलवरही वापरता येतात. ओळखपत्रही बनावट आणि चेहराही बनावट असेल, तर नोटरीच्या डोळ्यांची परीक्षा फार कठीण होते.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा आहे. चेहरा, आवाज, ओळखपत्र आणि मालमत्तेचा दस्त हे सारे एकाच फायलीत दहा वर्षे साठवले जाते. तेही बहुधा खासगी कंपनीच्या सर्व्हरवर. कॅलिफोर्नियाने इतकी वर्षे थांबण्यामागे हे एक कारण होते. तेथील कायद्याने अशी माहिती इतर कामांसाठी वापरण्यावर कंपन्यांना निर्बंध घातले आहेत.

सही करणारा भारतात असेल तर?

समजा, मुलीने न्यू जर्सीत घर घेतले आणि वडिलांचे नाव सहमालक म्हणून लावले. वडील नागपुरात आहेत आणि घर विकायचे आहे. पूर्वी त्यांना मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन जावे लागे. तेथे प्रत्येक शिक्क्यामागे ५० डॉलर आकारले जातात. आता ऑनलाइन नोटरीचा पर्याय आहे.

नमुना कायद्यात सही करणारा अमेरिकेबाहेर असल्यास दोन अटी आहेत. दस्ताचा संबंध अमेरिकेतील न्यायालय, सरकारी कार्यालय, तेथील मालमत्ता किंवा अमेरिकेशी घट्ट निगडित व्यवहाराशी असावा. दुसरी अट अशी, की ती व्यक्ती ज्या देशात बसली आहे, तेथील कायद्याने अशी सही करण्यास मनाई आहे असे नोटरीला माहीत असता कामा नये. नागपूरचे वडील या अटींत बसू शकतात. अडचण येते ती ओळख पटवताना, कारण त्यांचा अमेरिकेत कर्जाचा इतिहास नाही. त्यामुळे व्यवहार हाताळणारी कंपनी आणि मालकीहक्काचा विमा देणारी कंपनी कोणती पडताळणी स्वीकारते, हे आधी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

पुण्यातल्या फ्लॅटसाठी अमेरिकेतून ऑनलाइन कुलमुखत्यारपत्र देता येईल का?

उलट दिशेचा हा प्रवास अधिक अवघड आहे. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ नुसार परदेशात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र तेथील नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातील अधिकारी यांच्यासमोर केलेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले असावे लागते. परदेशी नोटरी चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या प्रकरणात १९७० मध्येच मान्य केले. ते मुखत्यारपत्र कॅलिफोर्नियातील नोटरीपुढे झाले होते. पहिल्या दस्तात नोटरीने व्यक्तीची ओळख पटवल्याचे दिसत नव्हते, ती त्रुटी दुसऱ्या दस्ताने भरून काढली. थोडक्यात, नुसता शिक्का पुरेसा नाही. नोटरीने ओळखीची खात्री केल्याचे दस्तातून दिसले पाहिजे.

पण त्या काळी ‘समोर’ या शब्दाचा अर्थ एकच होता. पडद्यावरील हजेरी या कलमात बसते, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या पहिल्या परिशिष्टात त्या कायद्याची मान्यता न लाभणारे दस्त दिले आहेत. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि ट्रस्टचे दस्त त्यात आहेत. २०२२ मध्ये या यादीत बदल झाले. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार त्यातून वगळले गेले आणि वित्तीय नियामकांच्या अखत्यारीतील संस्थांच्या नावे दिलेल्या मुखत्यारपत्रांना सवलत मिळाली. भावाच्या किंवा आईच्या नावे दिलेले साधे मुखत्यारपत्र मात्र या सवलतीत येत नाही. म्हणून पडद्यावर सही केलेला असा दस्त छापून पाठवला, तर दुय्यम निबंधक तो नाकारण्याची शक्यता मोठी आहे.

आजघडीला सुरक्षित मार्ग जुनाच आहे. कागदावर शाईने सही, प्रत्यक्ष नोटरी आणि त्यावर राज्याच्या सचिव कार्यालयाचे ‘अपोस्टिल’. किंवा थेट भारतीय वाणिज्य दूतावासातील साक्षांकन. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून सहभागी आहे. असा दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हेही अनेकदा विसरले जाते.

भारतात ऑनलाइन नोटरीचा कायदा येईल का?

नोटरी कायदा, १९५२ मध्ये दूरस्थ नोटरीची तरतूद नाही. केंद्राने २०२४ मध्ये सुरू केलेले ‘नोटरी पोर्टल’ हे नोटरींचे अर्ज, प्रमाणपत्रे आणि नूतनीकरण यांसाठी आहे. नागरिकांनी त्यावरून सही साक्षांकित करून घेण्यासाठी नाही. त्यामुळे ‘घरबसल्या ऑनलाइन नोटरी’ची जाहिरात दिसली, तर सही करताना नोटरी प्रत्यक्ष समोर असणार आहे का, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कागद गरजेच्या वेळी उपयोगी पडेल याचा भरवसा नाही.

तरीही पाया अगदीच नाही असे म्हणता येत नाही. ‘महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच व्हिडीओ कॉन्फरन्सिंगद्वारे अमेरिकेतील साक्षीदाराची साक्ष घेण्यास मान्यता दिली आणि ‘हजेरी’ म्हणजे शारीरिक हजेरीच असे नाही, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी आधार पडताळणीने घरून होते. केंद्राने मे २०२५ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केलेल्या नोंदणी विधेयकाच्या मसुद्यातही ऑनलाइन नोंदणीचा विचार आहे. अमेरिकेला प्रश्नोत्तरांवर विसंबावे लागते, कारण तेथे आधारसारखी ओळखव्यवस्था नाही. भारताकडे ती आहे.

मात्र ओळख पटणे हे नोटरीच्या कामाचा एक तृतीयांश भाग झाला. अंगठा आधारशी जुळला म्हणून तो स्वखुशीने उमटवला, हे सिद्ध होत नाही. एकत्र कुटुंबातील जमिनीच्या वाटण्या, हक्कसोडपत्रे आणि म्हाताऱ्या आईवडिलांकडून करून घेतलेली बक्षीसपत्रे यांवरून आपल्याकडे न्यायालयात भांडणे होतात, ती बहुधा याच मुद्द्यावर.

अमेरिकेत पुढे काय?

एका राज्यातील ऑनलाइन नोटरी दुसऱ्या राज्याने मान्य करावी आणि सर्वत्र किमान नियम सारखे असावेत, यासाठीचे ‘सिक्युअर नोटरायझेशन’ विधेयक प्रतिनिधीगृहाने २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर केले. पण दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडकले. तोवर राज्यांची वेगवेगळी चौकटच लागू राहील. भारताला यातून घेण्यासारखे दोन्ही धडे तयार आहेत. पडद्यावरील सहीला मान्यता देताना मुद्रण, नोंदवही आणि नोटरीची जबाबदारी कायद्यातच लिहून ठेवणे हा एक. आणि कोणते दस्त पडद्यावर आणू नयेत, हे आधी ठरवणे हा दुसरा.